ते वैमानिक नव्हते, इंजिन फिटर होते

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

राजापूर तालुक्यातील आमच्या खाडीकाठच्या गावाच्या मुंबईस्थित ग्रामस्थ मंडळाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत एक सविस्तर लेख प्रसिद्ध झाला. मंडळाचे पहिले चिटणीस, म्हणजे माझे सख्खे मामा, यांच्याविषयी त्यात आदराने लिहिले आहे आणि त्याबद्दल आम्ही कुटुंबीय आपले ऋणी आहोत. परंतु मामा दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी जपानी विमाने पाडली आणि युद्धातील संहार पाहून विरक्त झाल्यामुळे ते समाजकार्याकडे वळले, असे जे त्यात म्हटले आहे, त्यातील एकही गोष्ट खरी नाही. मामा हयात असते तर त्यांनी हे पत्र स्वतः, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ कमी शब्दांत, लिहिले असते.

दोष आपल्या वार्ताहराला द्यावा असेही नाही. त्यांनी ही माहिती आमच्याच मंडळाच्या जुन्या स्मरणिकेतून घेतली आणि स्मरणिकेतला तो मजकूर ज्या समितीने मंजूर केला तिच्यात मीही होतो. छपाईची घाई होती, मजकूर वाचायला आला तेव्हा मी जाहिरातींची पाने लावत होतो आणि न वाचताच होकार कळवून मोकळा झालो. मामांच्या हाताखाली दहा वर्षे मंडळाचे हिशेब लिहिलेल्या माणसाने असे करावे याची लाज वाटते, आणि ती का वाटते हे पुढील मजकुरावरून ध्यानात येईल.

वैमानिकाची दंतकथा एका छायाचित्रापासून सुरू झाली. त्यात मामा हरिकेन जातीच्या लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेले दिसतात. अंगात बनियन, डोक्याला फडके, हात काळे. हे छायाचित्र आमच्या आजोळी माजघरात, देव्हाऱ्याच्या शेजारी लावलेले होते आणि गावात मामांना सगळे ‘विमानवाले’ म्हणूनच ओळखत. विमानात बसलेला माणूस विमान चालवतो, असे कोणीही धरून चालणारच. वस्तुस्थिती अशी की विमान रोज सकाळी उड्डाणाला देण्यापूर्वी जमिनीवरच इंजिन चालवून पाहावे लागे आणि त्या कामासाठी कॉकपिटमध्ये बसायचा तो इंजिन फिटर, म्हणजे इंजिनाची देखभाल-दुरुस्ती करणारा. इंजिनाचा वेग वाढवला की शेपूट उचलली जाऊ नये म्हणून दोघे जण शेपटीवर आडवे पडत, आणि आत बसलेला फिटर दोन मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रे, आळीपाळीने बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात ते काट्यावर पाही. फेरे ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक उतरले तर विमान त्या दिवशी जागचे हलत नसे. छायाचित्र अशाच एका सकाळचे आहे. शेपटीवर पडलेले दोघे मात्र चौकटीत आलेले नाहीत. मामा ते चित्र कोणाला दाखवत तेव्हा पहिल्यांदा त्या दोघांची नावे सांगत.

‘हवाई दलात होता’ म्हणजे ‘विमान उडवत होता’ असे आपल्याकडे सर्रास धरले जाते, म्हणून थोडे आकडे देतो. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि पुढच्या वर्षी १ एप्रिलला कराचीजवळच्या ड्रिघ रोड येथे चार वापिटी विमानांवर पहिल्या तुकडीचा आरंभ झाला. १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा या दलाकडे एकच स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, होती; युद्ध संपले तेव्हा नऊ होत्या आणि मनुष्यबळ सुमारे २८,५०० वर गेले होते. त्यांत अधिकारी होते साधारण १,६००. वैमानिक या १,६०० पैकीच, आणि त्यांतलेही सगळे अधिकारी वैमानिक नव्हते. उरलेली पंचवीस हजारांहून अधिक माणसे फिटर, रिगर (सांगाडा आणि पंख पाहणारे), आर्मरर (तोफा-दारूगोळा पाहणारे), वायरलेस ऑपरेटर, ड्रायव्हर, कारकून, स्वयंपाकी अशा कामांवर होती. आकाशात दिसणाऱ्या एका माणसामागे जमिनीवर किती जण राबत होते याचा अंदाज यावरून येतो. पुढे १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचे प्रमुख झालेले हृषीकेश मूळगावकर हेही ब्रह्मदेश आघाडीवर लढलेले वैमानिक; त्यांचे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे आणि असायलाच हवे. त्या आघाडीवरच्या फिटरची नावे मात्र त्यांच्या त्यांच्या माजघराबाहेर गेली नाहीत.

मामा पहिल्या स्क्वाड्रनमध्ये होते. १९४४ च्या फेब्रुवारीत ही स्क्वाड्रन इंफाळला गेली तेव्हा तिचे नेतृत्व अर्जन सिंग यांच्याकडे होते, जे पुढे हवाई दलाचे मार्शल झाले आणि २०१७ साली वारले. मार्च संपता संपता जपानी फौजांनी इंफाळहून दिमापूरकडे जाणारा रस्ता तोडला आणि तो २२ जूनपर्यंत बंद राहिला. त्या काळात धान्य, दारूगोळा, इंधन, औषधे जे काही आले ते विमानाने आले. पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने टेहळणीला जात आणि परत आली की मामांसारख्यांच्या ताब्यात येत. ज्या दिवशी माउंटबॅटन यांनी अर्जन सिंग यांच्या छातीवर डी.एफ.सी. हे शौर्यपदक लावले, त्या दिवशी मामा कुठे होते असे मी एकदा विचारले होते. ‘प्लग बदलीत होतो’ एवढेच उत्तर मिळाले. हरिकेनच्या मर्लिन इंजिनाला बारा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एका विमानाचे चोवीस प्लग. आणि उन्हात तापलेल्या इंजिनात हात घातला की कोपरापर्यंत चटके बसत. त्यांच्या दोन्ही हातांवरचे पांढुरके डाग आम्ही मुले लहानपणी कोड समजत होतो.

इंधनाची गोष्ट ते जास्त रंगून सांगत. पेट्रोल चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येई. आपल्याकडे रॉकेलचा डबा म्हणून ओळखला जायचा तसाच डबा. हरिकेनच्या टाक्या भरायला असे चोवीस-पंचवीस डबे लागत. डबे गळके, गंजके, पावसात भिजलेले, तेव्हा प्रत्येक डबा मऊ कातड्यातून गाळून ओतायचा, कारण त्या कातड्यातून पेट्रोल खाली जाते आणि पाणी वर राहते. घाई असली, दारात शत्रू असला, तरी गाळल्याशिवाय ओतायचे नाही. पुढे गावात भजनाला पेट्रोमॅक्स पेटवायचा असे तेव्हाही मामा रॉकेल फडक्यातून दोनदा गाळून घेत आणि बुवा पेटी उघडून ताटकळत बसत. गावात त्यावरून थट्टा चाले. मात्र भजन चालू असताना आमचा पेट्रोमॅक्स कधी भकभकला नाही, हेही तितकेच खरे.

आता मूळ मुद्दा. आपल्या लेखात मामांच्या समाजकार्याचे मूळ ‘युद्धाच्या विरक्तीत’ सांगितले आहे. मी त्यांच्याजवळ बसून मंडळाच्या वह्या लिहिल्या आहेत आणि माझे मत असे आहे की त्याचे मूळ एका छापील फॉर्ममध्ये होते. ब्रिटिश हवाई दलात आणि त्याच पद्धतीने आपल्या हवाई दलात प्रत्येक विमानासाठी ‘फॉर्म ७००’ नावाची नोंदवही असते. इंजिन तपासले की इंजिन फिटर सही करणार, सांगाडा आणि पंख तपासले की रिगर, तोफा-दारूगोळा पाहिला की आर्मरर, इंधन भरले की भरणारा. सर्वांच्या सह्या झाल्यावर शेवटी वैमानिक ती वही पाहून विमान ताब्यात घेतल्याची सही करतो आणि मगच उडतो. दुसऱ्याने पाहिले म्हणून आपण सही करायची नाही. वरिष्ठाने सांगितले म्हणूनही करायची नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या खेड्यातल्या पोराने सही केली नाही तर स्क्वाड्रन लीडरचे विमानसुद्धा उभे राहते, आणि सही केली तर दुसऱ्या माणसाचा जीव त्या सहीवर विसंबून आकाशात जातो. शाळा सातवीपर्यंत झालेल्या, मुंबईत पहिल्यांदा बूट घातलेल्या मामांवर याचा केवढा परिणाम झाला असेल, याची कल्पना मला त्यांच्या वह्या पाहिल्यावर आली.

युद्ध संपल्यावर दल आवरते घेतले गेले आणि मामा सुटले. १९४६ च्या फेब्रुवारीत नौसैनिकांचे बंड झाले तेव्हा मुंबईतल्या हवाई दलाच्या छावण्यांतील जवानांनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी काम थांबवले होते. मामा तेव्हा मुंबईतच सुटकेच्या कागदांची वाट पाहत होते, पण त्या दिवसांविषयी ते कधीच सविस्तर बोलले नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून बोट धरून मुसाकाजीला उतरले, म्हणजे त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे बोट खोल पाण्यात उभी राहिली आणि पडावातून किनाऱ्याला आले. खांद्यावर किटबॅग, आत ब्रह्मदेशाच्या आघाडीचे सहा टोकांचे पदक आणि सेवामुक्तीची पुस्तिका. पेन्शन नाही. युद्धापुरते भरती झालेल्यांना ती नव्हतीच. राज्य शासनाने दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा अनुदान द्यायला सुरुवात केली ती पुष्कळ वर्षांनी. चार महिने गावात काढून मामा पुन्हा मुंबईला आले आणि एका कारखान्याच्या दुरुस्तीखात्यात फिटर म्हणून लागले.

राहायला लालबागमधली गावाची खोली. ही खोली म्हणजे काय, हे आता तरुण वाचकांना समजावून सांगावे लागते. दहा बाय पंधराच्या एका खोलीत तीस-पस्तीस जणांच्या ट्रंका, भिंतीला दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे. पाळीप्रमाणे झोपायचे, एक उठला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा. जेवण खानावळीत. पत्र आले की खोलीच्या पत्त्यावर, मनिऑर्डर जायची ती खोलीतून, आणि माणूस आजारी पडला किंवा मेला तरी खोलीच त्याचे घरदार. वर्गणी महिना चार आणे. ती गोळा करणारा एक म्हातारा होता, हिशेब त्याच्या डोक्यात.

१७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट बुडाली. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आमच्या गावचे कोणी तिच्यावर नव्हते, पण हे कळायलाच खोलीला दोन दिवस लागले. कारण दोघे जण अलिबागकडे नातेवाइकांकडे जातो म्हणून कोणाला तरी सांगून निघाले होते आणि कोणाला सांगितले ते आठवेना. दोघेही भायखळ्याला दुसऱ्याच कोणाकडे सापडले. त्या रात्री मामांनी पाठकोऱ्या कागदांची एक वही शिवली आणि खोलीच्या दाराला सुतळीने टांगली. गावी किंवा परगावी जाणाऱ्याने तारीख, बोट, बंदर लिहून सही करायची. पोचल्याचे पत्र आले की खोलीतल्या कोणीतरी ते स्वतः वाचून पुढे सही करायची. मंडळाची पहिली वही ती. घटना, नोंदणी, अध्यक्ष-उपाध्यक्ष हे सगळे तिच्यानंतर आले.

पुढे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार नोंदणी करायची वेळ आली तेव्हा धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत खेटे घालणारे मामाच होते. पी.टी.आर.चा, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा, उतारा, दरवर्षीचे लेखापरीक्षण, कार्यकारिणी बदलली की तो बदल कळवणारा चेंज रिपोर्ट, या गोष्टींत कित्येक मंडळे आजही अडकून पडलेली दिसतात. आमच्या मंडळाचा एकही चेंज रिपोर्ट मामांच्या काळात थकला नाही. खर्चाच्या वहीत त्यांनी दोन रकाने वाढवले होते, जे मी दुसऱ्या कुठल्याही मंडळाच्या वहीत पाहिलेले नाहीत: ‘काम कोणी पाहिले’ आणि ‘कोणत्या तारखेस पाहिले’.

या रकान्यांचा अर्थ मला गावच्या शाळेच्या बांधकामाच्या वेळी समजला. सड्यावरच्या खाणीतून जांभ्याचे चिरे आणायचे होते. ठेकेदाराचे बाराशे चिऱ्यांचे बिल आले आणि गावच्या शाखेच्या एका सदस्याने त्यावर ‘माल पोचला’ म्हणून सही केली. मामा त्या आठवड्यात गावी होते. त्यांनी सदस्याला विचारले, ‘मोजलेस?’ तो म्हणाला, ‘ढीग बघलंय.’ मामा काही बोलले नाहीत. पायात चपला घातल्या आणि त्याला घेऊन शाळेच्या जागेवर गेले. मी मागोमाग. भर दुपारी तिघांनी मिळून चिरे मोजले. मामा दर शंभरावर खडूने फुली मारत होते. भरले एक हजार साठ. सदस्याचा चेहरा उतरला आणि मलाही वाटले की आता ठेकेदाराची चांगलीच कानउघाडणी होणार. पण मामांनी आधी घाटीने वर जाऊन पाहायचे ठरवले. उरलेले चिरे घाटीच्या माथ्यावर रचून ठेवलेले होते. पावसाने वाट निसरडी झाली म्हणून गडी ते खाली आणायला तयार नव्हते. चोरी कसलीच नव्हती. मामांनी एक हजार साठ चिऱ्यांचे पैसे चुकते केले, राहिलेल्यांपुढे ‘माथ्यावर आहेत, पाहिले’ असे लिहून तारीख घातली आणि सदस्याच्या हातात पेन दिले. म्हणाले, ‘डोळ्यांनी बघलंस तर सही कर, नायतर ऱ्हवंदे.’ त्या सदस्याने पुढे वीस वर्षे गावच्या शाखेचा कारभार पाहिला.

हा काटेकोरपणा नेहमीच गोड होता असे मात्र समजू नये. एकदा मध्यरात्री खोलीतला एक जण पोटदुखीने तळमळू लागला म्हणून दुसऱ्याने त्याला टॅक्सीत घालून के.ई.एम. रुग्णालयात नेले. टॅक्सीची पावती कुठून मिळणार? मामांनी तो खर्च मंडळाच्या वहीत ‘अमान्य’ लिहिला आणि ती रक्कम स्वतःच्या पगारातून त्या माणसापुढे ठेवली. त्याने ती घेतली नाही, मंडळ सोडले आणि मामांच्या मयतालाच काय तो परत आला. मला मामांचे वागणे तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. पेट्रोल गाळायचा नियम माणसाच्या उपकाराला लावता येत नाही.

दुसरी गोष्ट वाड्यांची. त्या काळी मुंबईतली बहुतेक गावमंडळे वाडीची किंवा जातीची असत. गावाचे म्हणून एक मंडळ विरळा. घटनेचा मसुदा झाला तेव्हा त्यात गावच्या वाड्यांची यादी होती आणि त्या यादीत महारवाडी, म्हणजे १९५६ नंतरची बौद्धवाडी, नव्हती. कोणी मुद्दाम वगळली असेही नाही. लिहिणाऱ्याच्या मनातच ती आली नाही, आणि मला विचाराल तर हे मुद्दाम वगळण्यापेक्षा वाईट. मामांनी मसुद्यावर सही करायला नकार दिला. लष्करात जातवार पलटणी होत्या, हवाई दलात तशी विभागणी नव्हती. पंजाबी मुसलमान, शीख, बंगाली, मद्रासी आणि कोकणातले आम्ही एकाच भट्टीवरचे जेवलो, आणि शेपटीवर आडवा पडणारा कोण हे कोणी विचारले नाही, असे ते सांगत. यादी दुरुस्त झाली. दोन वाड्या रागावून बाहेर पडल्या. एक तीन वर्षांनी परत आली आणि दुसरी शाळेच्या उद्घाटनाला. शिमग्यातल्या पालखीचा मान, खांदा कोणाचा आणि आधी कोणाच्या अंगणात, हा तंटा मात्र मामांना कधी सोडवता आला नाही. त्यांनी तो मंडळाच्या कामकाजाबाहेर ठेवायचा ठराव करून घेतला, म्हणजे खरे तर हात टेकले. आमच्या गौरवलेखांत हे येत नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

आपल्या लेखात मामांची तुलना लेनर्ड चेशायर यांच्याशी केली आहे. ती वाचून मामा संकोचले असते. चेशायर यांनी बॉम्बफेकी विमानांतून शंभर मोहिमा केल्या, ६१७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व केले, १९४४ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून ते विमानातून तो पाहत होते. १९४८ मध्ये हॅम्पशायरमधील ल कोर्ट या आपल्या घरी त्यांनी कर्करोगाने मरणासन्न झालेल्या एका माणसाला आणून त्याची शुश्रूषा केली आणि तेथून अपंगांसाठीच्या चेशायर होमची चळवळ सुरू झाली, जी पुढे मुंबईत अंधेरीलाही पोचली. (स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाहही ५ एप्रिल १९५९ रोजी मुंबईतच झाला.) त्यांच्या आयुष्यात युद्धाआधीचा माणूस आणि युद्धानंतरचा माणूस अशी फूट दाखवता येते. मामांच्या आयुष्यात तशी फूट नाही. त्यांनी इंफाळला जे केले तेच लालबागला केले; फक्त विमानाच्या जागी खोली, शाळा आणि साकव आले. विरक्ती म्हणाल तर त्यांना पोहे, विडी आणि क्रिकेटची कॉमेंट्री यांपैकी कशाचीही कधी आली नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मंडळाने चिपळूणकडे घोंगड्या आणि धान्य पाठवले. वहीत प्रत्येक घोंगडीपुढे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा आहे. परंतु मंडळाची खरी परीक्षा झाली ती गिरणी संपात. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि आमच्या गावचे निम्मे मुंबईकर त्यांत होते. पहिले तीन महिने उमेद होती. पावसाळा तोंडावर आला तसे लोक बोचकी बांधून गावी जाऊ लागले. शाळेच्या वरच्या मजल्यासाठी जमवलेला निधी बँकेत पडून होता. मामांनी, तेव्हा ते साठी ओलांडलेले, सर्वसाधारण सभा बोलावली आणि तो निधी संपकरी कुटुंबांना बिनव्याजी कर्जाऊ द्यावा असे सुचवले. विरोध झाला, आणि तो अवाजवीही नव्हता. शाळेसाठी म्हणून घेतलेली वर्गणी दुसरीकडे कशी वळवायची? मामा घटना घेऊनच आले होते. त्यांनी ‘सभासदांस आपत्काळी साहाय्य’ हे पोटकलम वाचून दाखवले, शाळेच्या देणगीदारांची यादी समोर ठेवली आणि सांगितले की यांतल्या प्रत्येकाकडून लेखी संमती आल्याशिवाय एक पैसा काढायचा नाही. संमती आणायला आम्ही चौघे सात आठवडे परळ ते विरार फिरलो. आम्ही गेलो त्यांतल्या दोघांनीच नकार दिला; त्यांचे पैसे बाजूला ठेवले. कर्जे दिली. वरचा मजला नऊ वर्षे उशिरा झाला. काही कर्जे कधीच फिटली नाहीत आणि ती नावे सभेत वाचायची नाहीत असा ठराव मामांनीच मांडला. त्याच्या कारणाच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात फक्त ‘गिरणी’ असे लिहिलेले आहे. टॅक्सीची पावती मागणारा माणूस हाच. मला दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्याशा वाटतात.

कोकण रेल्वेची पहिली गाडी पाहायला मामा राहिले नाहीत.

त्यांच्या वह्यांचे जे झाले ते सांगितल्याशिवाय हे पत्र अपुरे राहील. लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा खोली रिकामी करायला आम्हाला चार दिवस मिळाले. ट्रंका, भांडी, गणपतीची मखर, टाळ-मृदंग यांची यादी झाली. माळ्यावरच्या वह्यांची कोणी केली नाही. रद्दीवाला आला, त्याने वजन केले आणि पैसे दिले. ते पैसे मंडळाच्या जमेला धरले आहेत; पावती क्रमांकासह. मी त्या दिवशी गावी होतो, पण गावी असणे ही सबब होत नाही. चिटणीस मीच होतो. अकरा वह्या वाचल्या, कारण त्या मामांच्या घरी होत्या. दाराला टांगलेली पहिली वही त्यांत नाही. बोट आणि बंदर यांच्या नोंदी असलेली, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग अशी नावे वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेली ती वही आज असती, तर बोटीने मुंबईला जाणाऱ्या-येणाऱ्या एका गावाचा तो दस्तऐवज झाला असता.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतील गावमंडळांना विनंती आहे की खोल्या रिकाम्या होत आहेत तोवर माळे उतरवून पाहा. ठरावपुस्तके, वर्गणीच्या वह्या, मनिऑर्डरींच्या पावत्या, पोस्टकार्डे यांना बाजारात किलोचा भाव आहे, तेवढ्यावर जाऊ नका. मोबाइलवर पानापानाची छायाचित्रे घ्यायला एक रविवार पुरतो. आमच्या अकरा वह्यांची आम्ही दोन रविवारी घेतली. मूळ वह्या १८२८ पासून चालत आलेल्या रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयासारख्या ठिकाणी ठेवता येतील का, याची विचारणा आमच्या मंडळातर्फे करण्याचे ठरले आहे. ज्यांच्या घरी युद्धातून परतलेल्या कोणाची सेवामुक्तीची पुस्तिका असेल, त्यांनी तिचीही प्रत काढून ठेवावी. फिटर, ड्रायव्हर, स्वयंपाकी, काहीही असो.

शेवटी आपल्याकडे मागणी एवढीच की ‘वैमानिक’ हा शब्द दुरुस्त करणारा खुलासा छापावा. शाळेच्या दर्शनी भिंतीवर मंडळाने लावलेल्या संगमरवरी फलकावरही तोच शब्द कोरलेला आहे. तो बदलून ‘इंजिन फिटर, भारतीय हवाई दल’ असे करण्याचा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. मामांच्या सेवामुक्तीच्या पुस्तिकेत ‘ट्रेड’ या रकान्यासमोर ते लिहिलेले आहे. शाई फिकी झाली आहे, पण उजेडात धरली की वाचता येते. ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदन द्यायला तिघे तयार आहेत, आणि त्या तिघांनाही मी कळवले आहे की सभेच्या आधी घरी येऊन पुस्तिका पाहून जावी.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
मंडळाचा एक माजी चिटणीस,
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी